‘मेमरी पुरत नाही’ म्हणणारे जुने वर्ड आणि पडद्यावरची तुटकी अक्षरे

डिचोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील देवळाच्या उत्सवासाठी नाटके लिहीत असत. २००२ साली घेतलेल्या, विंडोज ९८ असलेल्या संगणकावर वर्ड ९७मध्ये त्या नाटकांच्या चाळीसेक फाइली आहेत. फाइल उघडताना किंवा जतन करताना ‘मेमरी पुरेशी नाही’ असा संदेश येतो. एका कारागिराने १२८ एमबीची रॅम काढून एक जीबीची बसवली, पण त्यानंतर संदेश कमी होण्याऐवजी वाढला. जुना मॉनिटर बंद पडल्यावर नवा एलईडी मॉनिटर लावला. आता पान खाली सरकवले की काळे पट्टे उमटतात, वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. त्याच कारागिराने दोन-तीन फाइली सीडीवर उतरवून दिल्या होत्या, पण भाच्याच्या लॅपटॉपवर त्या उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. आणखी रॅम घालावी, डिस्प्ले कार्ड बदलावे, की नाद सोडून द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी म्हापशात वर्डस्टार या जुन्या लेखन-कार्यक्रमाच्या काळापासून अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, स्मरणिका आणि नाटकांच्या संहिता हेच माझे रोजचे काम, त्यामुळे तुमच्यासारखी यंत्रे माझ्या टेबलावर पुष्कळ येऊन गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की तुमची तक्रार एक नसून तीन आहेत. मेमरीचा संदेश ही एक गोष्ट, पडद्यावरचे पट्टे आणि कापलेल्या मात्रा ही दुसरी, आणि लॅपटॉपवरचा खिचडा ही तिसरी. तिन्ही एकाच यंत्राशी निगडित असल्यामुळे त्यांचे कारणही एकच असावे असे वाटते, आणि मग माणूस रॅमवर रॅम घालत बसतो. यंत्र समोर नसताना यातले नेमके काय बिघडले आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कोणत्या क्रमाने पाहत गेल्यास नुकसान न होता उत्तर सापडेल, एवढे मात्र सांगू शकते.

सर्वांत आधी एक पथ्य पाळा. पडद्यावर अक्षरे चुकीची दिसत असताना किंवा मेमरीचा संदेश आलेला असताना मूळ फाइल त्याच नावाने जतन करू नका. फाइल नुसती पाहून बंद करताना वर्डने ‘बदल जतन करू का’ असे विचारले, तरी ‘नाही’ म्हणा. मजकूर बहुधा शाबूत असतो आणि बिघाड तो दाखवणाऱ्या यंत्रणेत असतो. मात्र अर्धवट उघडलेली फाइल मुळावर लिहिली गेली, तर शाबूत मजकूरही हातचा जातो.

दुसरे काम म्हणजे फाइली त्या यंत्राबाहेर काढणे. विंडोज ९८ला पेनड्राइव्ह आपोआप ओळखता येत नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा कार्यक्रम लागतो आणि तो शोधून बसवण्याच्या खटपटीत आधीच कुरकुरणारे यंत्र आणखी बिघडते. म्हणून मी सरळ हार्ड डिस्कच बाहेर काढते. त्या काळातली डिस्क चाळीस पिनांच्या रुंद पट्टीच्या केबलची, म्हणजे आयडीई असते. आयडीईवरून यूएसबीवर नेणारा अडॅप्टर मिळतो, फक्त त्याच्यासोबत वेगळा वीजपुरवठा असलाच पाहिजे, कारण साडेतीन इंची डिस्कला लागणारे १२ व्होल्ट यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्कच्या मागच्या बाजूचा छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी बारीक टोपी, ‘मास्टर’वर ठेवा. विंडोज ९८ची डिस्क बहुधा फॅट३२ पद्धतीची असते आणि ती आजच्या कोणत्याही संगणकावर वाचता येते. फाइलींबरोबर विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स हा उपफोल्डर पूर्ण उतरवून घ्या. त्याचे महत्त्व पुढे कळेल. डिस्क लावल्यावर टकटक असा ठराविक ताल ऐकू आला, तर मात्र तिथेच थांबा आणि ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. ते काम माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराचे आहे.

प्रती सुरक्षित झाल्या की मग मेमरीकडे वळू. जुन्या विंडोजमध्ये ‘मेमरी’ हा शब्द निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जाई आणि संदेश मात्र सगळ्यांचा जवळपास सारखाच येई. घरातला डबा रिकामा झाला, डबा ठेवायला फळीवर जागा उरली नाही, किंवा फळ्यांचा हिशेब ठेवणारी वहीच भरली, तरी आतून एकच हाक यावी, तसला हा प्रकार आहे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या एक जीबीवरच आहे. विंडोज ९८ डिस्कवरून वाचलेली माहिती रॅममध्ये तात्पुरती साठवते आणि ते काम व्हीकॅश नावाचा भाग करतो. यंत्र सुरू होतानाच तो बसवलेल्या रॅमकडे पाहून आपला कमाल आकार ठरवतो आणि तेवढ्या आकाराचे पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागांचे क्रमांक, विंडोजच्या स्वतःच्या वापरासाठी असलेल्या पत्त्यांतून राखून ठेवतो. हे पत्ते मर्यादित असतात. रॅम ५१२ एमबीच्या पुढे गेली की व्हीकॅश त्यांतला इतका मोठा वाटा अडवतो की बाकीच्यांना पत्तेच उरत नाहीत. एजीपी या खास खाचेत बसणारे डिस्प्ले कार्ड असेल, तर तेही त्याच पत्त्यांतून आपला हिस्सा घेते. परिणामी रॅम ढिगाने मोकळी पडलेली असते आणि विंडोज मात्र मेमरी नसल्याचे सांगते. रॅम वाढवल्यावर तक्रार वाढली हे तुमचे निरीक्षण या कारणाशी तंतोतंत जुळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला नुसत्या नोंदीचा आहे. विंडोज फोल्डरातली ‘सिस्टम.आयएनआय’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडावी, त्यात चौकटी कंसातल्या ‘व्हीकॅश’ या शीर्षकाखाली ‘मॅक्सफाइलकॅश’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टंकावा, बरोबरचे चिन्ह द्यावे आणि इंग्रजी अंकांत ५२४२८८ लिहावे. हा आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे ५१२ एमबी झाले. यामुळे व्हीकॅशला लगाम बसतो, पण एजीपी कार्ड असल्यास कधी कधी आकडा आणखी खाली आणावा लागतो. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. एक जीबीची पट्टी काढून २५६ एमबीची एकच पट्टी बसवावी. विंडोज ९८ आणि वर्ड ९७ यांना २५६ एमबी म्हणजे चैन आहे. जुनी १२८ एमबीची पट्टी कारागिराकडे असली, तर तीही चालेल.

यावर तुम्ही म्हणाल की १२८ एमबी असतानाही संदेश येतच होता. बरोबर आहे, आणि म्हणूनच दुसरे कारणही शोधावे लागेल. विंडोज ९८मध्ये खिडक्या, बटणे, मेन्यू आणि फॉन्ट यांचा हिशेब ठेवणारे काही कप्पे विंडोज ३.१पासून चालत आलेले आहेत आणि त्यांचा आकार ६४ केबीच राहिला. तुम्ही रॅम कितीही घाला, हे कप्पे वाढत नाहीत. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये गेलात, की परफॉर्मन्स या पानावर ‘सिस्टम रिसोर्सेस’ किती टक्के मोकळे आहेत ते दिसते. यंत्र नुकतेच सुरू केल्यावर हा आकडा ८०च्या वर असावा. तो ५०-६० दिसला, तर सुरुवातीलाच पाठीमागे नको ते कार्यक्रम चालू होत आहेत असे समजावे. वर्डमध्ये तासभर काम केल्यावर तो २०च्या खाली जात असेल, तर तुमचा संदेश याच कप्प्यांतून येतो आहे.

मराठी टंकलेखनाच्या यंत्रांवर हे कप्पे भरण्याचे मुख्य कारण म्हणजे फॉन्ट. त्या काळी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा मराठी टंकलेखनाच्या संचांबरोबर फॉन्टांच्या राशी येत आणि मिळतील तेवढे सगळे बसवण्याची आपल्याकडे हौस होती. (ती हौस मलाही होती. पत्रिकेला निवडायला साठ वळणे आहेत असे सांगितले की गिऱ्हाईक खूश होत असे.) विंडोज ९८ फॉन्टांची नावे रजिस्ट्रीच्या, म्हणजे आपल्या अंतर्गत नोंदवहीच्या, ज्या नोंदीत ठेवते, तिलाही ६४ केबीची मर्यादा आहे, त्यामुळे साधारण हजाराच्या आसपास फॉन्ट झाले की नवे फॉन्ट दिसत नाहीत आणि बसवलेलेही अधूनमधून गायब होतात. फॉन्ट्स फोल्डर उघडून संख्या पाहा. ती चारशे-पाचशेच्या वर असेल, तर वडील जे फॉन्ट वापरत ते आणि विंडोजबरोबर आलेले तेवढे ठेवून बाकीचे दुसऱ्या फोल्डरात हलवा. पुसून मात्र टाकू नका. पेडण्याकडच्या एका मंडळाच्या यंत्रावर मी एवढा एकच उपाय केला होता आणि त्यांचा वर्षभराचा संदेश त्या दिवशी बंद झाला.

तिसरे कारण डिस्कवरच्या जागेचे आहे. वर्ड काम करताना तात्पुरत्या फाइली लिहिते आणि विंडोज रॅम अपुरी पडली की डिस्कचाच एक भाग मेमरीसारखा वापरते. सी ड्राइव्हवर शे-दीडशे एमबीही मोकळी नसेल, तर दोघांचीही कोंडी होते. विंडोजमधल्या टेम्प फोल्डरात यंत्र बंद पडताना मागे राहिलेल्या शेकडो फाइली सापडतात. सगळे कार्यक्रम बंद करून, पण प्रती बाहेर काढल्यानंतरच, त्या पुसाव्यात आणि मग डिस्क तपासणारे विंडोजचे स्कॅनडिस्क चालवावे.

चौथे कारण खुद्द वर्डचे आहे. नॉर्मल.डॉट या साचा-फाइलीत वर्डच्या साऱ्या सवयी साठवलेल्या असतात. चवथीच्या दिवसांत संध्याकाळी वीज खाली-वर होते आणि यंत्र धाडकन बंद पडते, तेव्हा हीच फाइल पहिल्यांदा दगा देते असा माझा अनुभव आहे. खात्री करून घेण्यासाठी स्टार्टमधल्या ‘रन’मध्ये इंग्रजीत ‘विनवर्ड’, मग एक जागा, तिरपी रेघ आणि ‘ए’ असे टंकून वर्ड सुरू करावे. अशा वेळी वर्ड साचा आणि जोडकार्यक्रम न घेता उघडते. संदेश आला नाही, तर वर्ड बंद करून नॉर्मल.डॉटचे नाव बदलावे. पुढच्या वेळी वर्ड स्वतःच नवी कोरी साचा-फाइल तयार करते.

एवढे करूनही एखाद्याच फाइलीत संदेश येत असेल, तर ती फाइलच दुखावलेली आहे. वर्ड ९७मध्ये ‘अलाऊ फास्ट सेव्ह्ज’ नावाचा एक पर्याय आहे. तो चालू असला, तर वर्ड दर वेळी पूर्ण फाइल नव्याने न लिहिता केवळ बदल शेवटी चिकटवत जाते. नाटकाच्या संहितेत तालमीच्या काळात रोज फेरफार होतात, त्यामुळे अशा फाइली फुगत जातात आणि शेवटी कोलमडतात. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये सेव्ह या पानावर जाऊन हा पर्याय आधी बंद करा. मग त्या फाइलीच्या प्रतीतला सगळा मजकूर निवडा, पण अगदी शेवटचे परिच्छेदचिन्ह निवडीतून वगळा आणि उरलेला मजकूर नव्या कोऱ्या फाइलीत चिकटवा. त्या शेवटच्या चिन्हात मांडणीची बरीच माहिती दडलेली असते आणि बिघाडही अनेकदा तिथेच बसलेला असतो. फाइल मुळी उघडतच नसेल, तर ओपनच्या खिडकीत फाइलींच्या प्रकारांमध्ये ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ हा पर्याय असतो. तो मांडणी टाकून देतो, पण संवाद हाती लागतात.

आता हवामानाविषयी, कारण गोव्यात ते वगळून यंत्राबद्दल बोलताच येत नाही. साखळीच्या एका गिऱ्हाइकाचे यंत्र दर वर्षी जुलैत मेमरीच्या चुका दाखवी आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारे. कॅबिनेट उघडले तेव्हा आतून कोंदट, बुरशीचा वास आला. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर काळपट थर होता आणि खाचेत मुंग्यांनी माती भरली होती. पांढऱ्या खोडरबराने ती कड हलकेच घासून, खाच मऊ कुंचल्याने साफ करून पट्टी दोन-तीनदा बसवली-काढली, एवढ्यावर काम झाले. वीज पूर्ण काढून आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच हे करावे, आणि खोडरबराचा कचरा खाचेत पडू देऊ नये. त्याच वेळी मदरबोर्डावरच्या छोट्या उभ्या डब्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का, तेही पाहा. फुगली असतील, तर रॅम आणि कार्ड बदलण्यात पैसे घालू नका. पट्टीविषयी शंका उरलीच, तर मेमटेस्ट८६+ हा तपासणी-कार्यक्रम फ्लॉपीवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. त्यात एकही चूक दिसली, तरी ती पट्टी बाद समजावी.

त्या बोर्डावरच सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते. ती संपली की यंत्र आपली ठरवून दिलेली मांडणी विसरते आणि तारीख मागे जाते. डिस्प्ले कार्ड वेगळे नसून बोर्डावरच असेल, तर त्याला मुख्य रॅममधून किती वाटा द्यायचा ही मांडणीही बदलू शकते. मेमरी आणि पडदा या दोन तक्रारींना जोडणारा खरा दुवा असलाच, तर तो इथे असतो. तुमच्या यंत्राची तारीख बरोबर आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते पाहून घ्या.

पडद्याच्या तक्रारीत पहिली कसोटी अगदी सोपी आहे. काळे पट्टे दिसत असताना प्रिंट स्क्रीन ही कळ दाबा, पेंटमध्ये चित्र चिकटवा, जतन करा आणि ते दुसऱ्या संगणकावर पाहा. चित्र स्वच्छ असेल, तर दोष केबलमध्ये, मॉनिटरमध्ये किंवा कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या टोकाशी आहे. चित्रातही पट्टे असतील, तर मॉनिटर निर्दोष सुटला. मग कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर पाहावा लागेल.

पान सरकवताना उमटणारे पट्टे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ड्रायव्हरचेच असतात. वर्ड पान सरकवताना जुन्या चित्राचा तुकडा वर उचलून ठेवायला कार्डाला सांगते आणि कार्डाचा ड्रायव्हर तिथे गफलत करतो. कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टममध्ये परफॉर्मन्स, तिथे ग्राफिक्स, आणि तिथली ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन’ची पट्टी एक-एक घर डावीकडे आणून पाहा. पट्टे नाहीसे झाले, तर कारण सापडले. वर्डसाठी वेगवान चित्रांची गरज नसते, त्यामुळे ती तशीच डावीकडे ठेवली तरी बिघडत नाही. यंत्र सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेल्यावर विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. तिथेही पट्टे असतील, तर कार्ड स्वतःच आजारी आहे.

रंगांचा हिशेबही तपासावा. १०२४ बाय ७६८ या मापात ७,८६,४३२ ठिपके होतात आणि १६ बिट रंगांसाठी प्रत्येकाला दोन बाइट लागतात, म्हणजे दीड एमबी झाले. बोर्डावरच्या डिस्प्लेला बॅटरी गेल्यामुळे केवळ एक एमबी वाटा मिळत असेल, तर या मापात २५६ रंगच बसतील आणि पडदा फिक्का, ठिपकेदार दिसेल. नव्या मॉनिटरच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी डोळ्यांना त्रास नको म्हणून आपण ८५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८५ वेळा पडदा रंगवण्याचा वेग, निवडत असू. एलईडी मॉनिटरला ६० हर्ट्झ लागतात. त्याहून जास्त दिले की काही मॉनिटर ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणत काळे होतात, काही कसेबसे दाखवतात. सेफ मोडमधून ते ६०वर आणावे.

वेलांट्या आणि रफार कापले जाण्याचे कारण मात्र बहुधा निराळे असते. परिच्छेदाच्या मांडणीत ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ असे ठरवून दिले असेल आणि ते अक्षराच्या उंचीला पुरत नसेल, तर वरचा भाग छाटला जातो. इंग्रजी अक्षराला डोक्यावर काही वाहायचे नसते, आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार अशी गर्दी असते. नाटक कमी पानांत बसवण्यासाठी पुष्कळ जण हे अंतर आवळत असत. प्रतीवर हे अंतर ‘ॲट लीस्ट’ करून पाहा. अंतर आधीच ठीक असेल, तर एक पान छापा. काही मराठी फॉन्टांमध्ये अक्षराची उंची चुकीची नोंदलेली असते, त्यामुळे पडद्यावर मात्रा कापली दिसते आणि कागदावर पूर्ण उमटते. छापण्यासाठी कोणता तरी प्रिंटर बसवलेला असणेही आवश्यक आहे, कारण वर्ड ओळी कुठे तोडायच्या हे निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून ठरवते. वडिलांचा डॉट मॅट्रिक्स गेला आणि दुसरा आला, की पाने हलतात. तो बिघाड नव्हे.

आता लॅपटॉपवरचा खिचडा. इथे घाबरण्यासारखे काही नाही, पण चूक करण्यासारखे पुष्कळ आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टांत अक्षरे इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. फाइलीत खरोखर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. उदाहरणार्थ, कृतिदेव या फॉन्टमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. वडिलांनी कोणता फॉन्ट वापरला हे तुम्ही सांगितलेले नाही. खिचड्यावर कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत पाहा. फॉन्ट यंत्रात नसला, तरी वर्ड त्याचे मूळ नाव तिथे दाखवते. त्याच नावाचा फॉन्ट, तुम्ही उतरवून घेतलेल्या फॉन्ट्स फोल्डरातून लॅपटॉपवर बसवा, म्हणजे मराठी परत दिसू लागेल.

त्याआधी लॅपटॉपच्या वर्डमधली ऑटोकरेक्टच्या, म्हणजे आपोआप दुरुस्तीच्या, सगळ्या खूण-चौकटी बंद करा. हे मी ठासून सांगते, कारण नुकसान इथेच होते. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची वर्डची खोड असते. कृतिदेवमधला ‘को’ने सुरू होणारा परिच्छेद कोणी पुन्हा टंकला, तर लहान डीचा मोठा डी होतो आणि ‘क’ अर्धा होऊन बसतो. सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झाली की त्या जागेवरचे मराठी चिन्हही बदलते. लॅपटॉपचे वर्ड एखादी फाइल उघडायलाच नकार देत असेल, तर ती वर्ड ६ किंवा वर्ड ९५मध्ये केलेली असू शकते. वर्डच्या नव्या आवृत्त्या अशा फाइली सुरक्षेच्या कारणाने अडवतात. लिबरऑफिस या दुसऱ्या कार्यक्रमात त्या सहसा उघडतात.

पुढे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नेणे शहाणपणाचे आहे, पण ते काम लॅपटॉपवरच करावे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २०००पासून मंगल या फॉन्टबरोबर आली, तुमच्या ९८वर तो खटाटोप करू नये. रूपांतर करणारे कार्यक्रम प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे असतात. कृतिदेवचा रूपांतरक श्री-लिपीच्या मजकुरावर चालवला, तर जुना खिचडा जाऊन नवा येतो. हिंदीसाठी बनवलेले रूपांतरक मराठीतल्या ‘ऱ्य’वर हमखास अडखळतात, आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तीही रूपांतरात उलटसुलट होऊ शकते. म्हणून एकदम चाळीस फाइली न घेता आधी एकाच प्रवेशाचे रूपांतर करून पाहावे.

वडिलांच्या कपाटात याहून जुन्या वर्डस्टारच्या फ्लॉप्या निघाल्या, तर त्यांची गोष्ट वेगळी आहे. वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्या प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवत, त्यामुळे इतर कार्यक्रमांत प्रत्येक शब्दाचे शेपूट विचित्र दिसते. इंग्रजी मजकुराचा तो बिट काढून टाकला की सारे सरळ होते. मराठी मात्र जिस्ट कार्डावर, म्हणजे जुन्या संगणकात भारतीय लिप्यांसाठी बसवत त्या कार्डावर, टंकलेले असेल, तर आठवा बिट हाच मराठीचा आधार असतो आणि तो काढला की मजकूर जातो. अशा फ्लॉपीला बुरशी लागली असेल, तर ती ड्राइव्हमध्ये घालूसुद्धा नका, ड्राइव्हचे वाचणारे डोके खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडल्या जातील.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी डिस्कची प्रत आणि फॉन्ट, मग एक जीबी काढणे, मग फॉन्टांची संख्या आणि डिस्कवरची जागा, मग नॉर्मल.डॉट, आणि पडद्यासाठी प्रिंट स्क्रीनची कसोटी. नवे काही विकत घ्यायचे असेल, तर तो अडॅप्टर, आणि लागलाच तर नाण्याएवढा सेल. डिस्प्ले कार्डावर खर्च करायचा की नाही, ते सेफ मोडमध्ये काय दिसते यावर ठरेल.

रूपांतर झालेला मजकूर पडताळण्यासाठी एक गोष्ट आताच शोधून ठेवा. उत्सवात नाटक झाले असेल, तर प्रॉम्प्टरच्या हातात छापील प्रत नक्की असणार, आणि अशा प्रती मंडळातल्या कोणाच्या तरी माळ्यावर, पेन्सिलीच्या खुणांसह, पडून असतात. फाइलीतला प्रवेश आणि ती प्रत समोरासमोर ठेवून दोघांनी वाचावे, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून. तालमीत वडिलांनी बदललेली वाक्ये कुठे फाइलीत असतील, कुठे फक्त पेन्सिलीत.